शेवटचा ताण

“बाळा, माझा हात दाब बघू.”

मुलीने भूलतज्ज्ञ बाईंचा हात दाबला. पाठ उघडी, मणक्यांत स्क्रू, त्यांत अडकवलेल्या दोन सळया, आणि अशा अवस्थेत भूल हलकी करून तिला हाक मारायची. वाकडा कणा सरळ केला की पाय शाबूत आहेत ना, हे असंच बघतात. बाईंनी काल तिच्याकडून तालीमसुद्धा करून घेतली होती.

“शाब्बास! आता पाय हलव.”

पाय हलले नाहीत.

“हलव गं, पायाची बोटं हलव.”

छे. काही नाही. सर्जनने सळयांकडे पाहिलं. पाठ मघाशीच पुरेशी सरळ झाली होती. तिथेच थांबायचं ना! पण नाही. परिषदेत दाखवायला त्याला पट्टीने आखल्यासारखा एक्स-रे हवा होता. म्हणून त्याने आणखी ताण दिला, आणि मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या ताणाने आवळल्या गेल्या. रक्त नाही तर पाय नाहीत. दरवर्षी विद्यार्थ्यांना तो हेच तर घसा फोडून सांगायचा!

“सैल करतोय. प्रेशर वाढवा,” तो म्हणाला.

काढलेलं वाकडेपण डोळ्यांदेखत थोडं परत आलं. बाईंनी रक्तदाब चढवला, मुलीला पुन्हा झोपवलं. मग नुसतं थांबायचं. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटत होती.

पुन्हा उठवलं.

“बाळा, पाय?”

डावा अंगठा हलला. मग उजवा. मास्कमागे कुणीतरी हुंदका दिला, आणि त्याची कुणी थट्टा केली नाही.

बाहेर मुलीची आई ताटकळत उभी होती. सर्जनने टोपी काढली.

“पाय ठीक आहेत तिचे. पाठ मात्र थोडी वाकडी राहील. आणि ताई, चूक माझी आहे. चांगली सरळ झाली होती, मलाच हाव सुटली. जास्त ताणलं. पाय जाता जाता राहिले.”

आता ही शिव्या घालणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ती मटकन खुर्चीत बसली.

“ती काल म्हणाली होती, ‘आई, डॉक्टरांना सांग, थोडी वाकडी राहिले तरी चालेल, पण मला पळता आलं पाहिजे.’ मी सांगितलंच नाही तुम्हाला. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही आधीच थांबाल.”