साखळी

"बुवा, पिन तुटली तर हीच साखळी ट्रेलर धरते," जीपचा ड्रायव्हर गेनू रामजन्माच्या पाळण्याला बांधलेली साखळी धरून कळवळून म्हणाला.

"मग रामाचा पाळणा काय सुतळीवर टांगू? जन्माला आलेला देव लगेच उतरवत नाहीत. राहू दे इथंच. तो बघेल." कीर्तनकार बुवांनी साखळी सोडू दिली नाही.

परतताना घाटाच्या चढावर ट्रेलरच्या हूकची पिन तुटली. पेटी, स्पीकर, सतरंज्यांनी भरलेला ट्रेलर उतारावर मागे सुटला आणि मागून मोटरसायकलवर येणाऱ्या नरहरीला, बुवांच्या पखवाजवाल्याला, त्यानं कठड्यावर चिरडलं. मांडीचं हाड बाहेर आलं, रक्त डांबरावरून ओघळू लागलं.

गेनूनं बुवांच्या फाडकन थोबाडीत मारली. "बघितलं का त्यानं? बोला, बघितलं?"

बुवांचा फेटा रक्तात पडला. तोच उचलून त्यांनी नरहरीच्या मांडीवर करकचून आवळला. "आणखी मार, गेनू. पण आधी ह्याला उचल."

भरधाव जीपमध्ये नरहरीचं डोकं कुशीत घेऊन बुवा रडत रडत दुपारचाच पाळणा म्हणू लागले. त्याची रक्ताळलेली बोटं त्यांच्या गुडघ्यावर हळूच ठेका धरू लागली.

"बुवा, लय सुटतेय तुमची," तो पुटपुटला. "पण थांबू नका."