गच्चीवरचं रानडुक्कर

वनपालांनी पिंपाचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं आणि खोकले. आत तारेच्या आकड्यांना मांसाच्या लांब पट्ट्या टांगल्या होत्या. खाली उसाची चिपाडं धुमसत होती.

“कसलं मांस हाय हे?”

कृष्णातनं तोंड उघडायच्या आत त्याच्या सासऱ्यांनी उत्तर दिलं. आबा दर रविवारी पेठ वडगावहून जावयाकडं जेवायला यायचे. आत्ताही ते गच्चीत पाटावर बसले होते.

“रानडुक्कर. जावईबापूंनी सोता मारलंय. बसा, तुमीबी खावा.”

वनपाल बसले. त्यांनी खाल्लं, कांदा मागून घेतला, पुन्हा खाल्लं. मग हात धुऊन रुमालाला पुसले आणि उरलेलं मांस पिंपासकट जप्त केलं.

“शिकार गुन्हा हाय. तुमच्या नावाची तक्रार हाय आमच्याकडं. नोकरी कुठं करताय?”

“जिल्हा परिषदेत. कारकून हाय.”

“मग अटक झाली की निलंबन.”

आबा भाकरी मोडत म्हणाले, “व्हऊ दे. वाघासारखा गडी हाय.”

कृष्णातनं आयुष्यात झुरळसुद्धा वहाणेनं मारलं नव्हतं. बायकोला हाक मारायचा. त्याला नाद होता तो मांसाला धुरी द्यायचा. गोडेतेलाचं एक जुनं पिंप आणून त्यानं सुरुवात केली ती बोकडाच्या मटणावर. ते धुरात वाळून चपलेसारखं व्हायचं. आपल्या गावात चपला मुळातच चांगल्या मिळत असल्यानं घरात कुणी त्याचं कौतुक केलं नाही. धुरीला चरबी लागते, हे त्याला उशिरा कळलं. मग तो नाक्यापुढच्या शिवाप्पाच्या शेडमधनं काळ्या पिशवीतनं डुकराचं मांस आणायला लागला. मीठ, हळद आणि थोडा गूळ चोळून दिवसभर धुरात ठेवलं, की त्याच्या वासानं शेजारचे लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे.

त्या वासानंच पहिल्यांदा आबांनी त्याच्या घरी ताट मागून घेतलं होतं. लग्नापासून ते त्याच्याकडं फक्त पाणी प्यायचे, तेही उभ्यानं.

“कशाचं हाय?” आबांनी विचारलं होतं.

आबांच्या घरात रानडुक्कर म्हणजे मान. गावडुकराचं नावसुद्धा उंबऱ्याच्या आत काढायचं नाही. त्यांच्या एका पुतण्यानं पुण्यात ते खाल्लं होतं. अजून त्याला बारशाला बोलावतात, पण पान गोठ्यात वाढतात.

“रानडुक्कर,” कृष्णात म्हणाला होता.

“मारलं कुणी?”

“मी.”

तेव्हापासून तो जावईबापू झाला. आबा हे पेठ वडगावच्या बाजारात सांगत सुटले आणि तक्रारही तिथूनच आली असावी.

आता वनपाल पंचनाम्याला कागद शोधत होते. कृष्णातची बायको वर्षाराणी भाकरीची टोपली घेऊन जिन्यात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती ते मांस कधीच खायची नाही. कृष्णात तिच्याजवळ गेला.

“सांगून टाकू काय?”

“नगासा. तुमी आत जावा, मी डबा आणीन. आबांस्नी न्हाय सोसायचं.”

“आणि पगार?”

वर्षाराणीनं टोपलीतल्या भाकरी मोजल्या. कृष्णात परत फिरला आणि वनपालांसमोर उभा राहिला.

“साहेब, मी काय मारलेलं न्हाय. ते गावडुक्कर हाय. शिवाप्पाकडनं इकत आणतो.”

आबांच्या हातातला घास ताटात परत गेला. ते उठले, नळाशी गेले आणि चुळा भरायला लागले. टाकीतलं पाणी संपलं तेव्हा थांबले.

“वर्षाराणी, कपडे भर,” ते म्हणाले. “ह्या घरात ऱ्हायाचं न्हाय.”

वनपालांवर मात्र काही परिणाम झाला नाही. “धरल्यावर सगळी असंच म्हणत्यात. आणि एक ध्यानात ठेवा. रानातलं जनावर मारलं काय, इकत घेतलं काय, घरात ठेवलं काय, कलम लागतंयच. गावडुक्कर असंल तर मात्र आमचं काय काम न्हाय. चला तुमच्या त्या शिवाप्पाकडं.”

जीप निघाली. आबाही बसले, त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. वर्षाराणी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसली. कृष्णात मागं, पिंपाला धरून. वाटेत फक्त पिंप बोलत होतं, प्रत्येक खड्ड्याला.

शिवाप्पा शेडमध्ये सुरीला धार लावत होता. खाकी कपडे बघून तो उभा राहिला.

“शिवाप्पा,” कृष्णात म्हणाला, “दर शनिवारी मी तुझ्याकडनं काय नेतो, ते सांग ह्यांस्नी.”

“डुक्कर.”

“कुठलं, ते सांग की. गावडुक्कर म्हण. सासऱ्यांच्या तोंडावर म्हण.”

शिवाप्पा आबांच्या पटक्याकडं आणि मग वनपालांच्या टोपीकडं बघत राहिला. आबांनी मान दुसरीकडं वळवली.

“म्हण लेका,” कृष्णात म्हणाला. “घर गेलंच हाय, नोकरी तरी राहू दे.”

वनपाल शेडच्या मागं जाऊन आले. “डुकरांचा वाडा कुठाय तुमचा? एक बी डुक्कर दिसंना.”

शिवाप्पानं सुरी खाली ठेवली आणि कृष्णातपुढं हात जोडले.

“माफी करा, साहेब. पाळायला जागा कुठली हाय मला? शिरोळकडच्या उसात फास लावतो. रानडुक्कर म्हणून इकलं तर आत टाकत्यात, म्हणून तुमास्नी आजवर गावडुक्कर सांगत आलोय.”