नकार

दर शनिवारी दाभोळे शौकतच्या दुकानात मिक्सर घ्यायला जात. पैसे भरायला बोट टेकवलं की खात्यातून कुमुदचा आवाज येई, "अहो, घरी एक चालू आहे ना? मग हा कशाला?" फसवणूक टळावी म्हणून बँकेने बायकोचा आवाज पहारेकरी नेमला होता. ती गेल्यावरही तो खर्च अडवत होता. "बरं, राहिलं," म्हणून दाभोळे घरी जात.

"काका, आलात नकार घ्यायला?" या शनिवारीही शौकत हसला.

दाभोळ्यांनी बोट टेकवलं.

"पैसे भरले," यंत्र म्हणालं.

मृतांचे आवाज खात्यांतून काढून टाकण्याचा मध्यवर्ती बँकेचा नियम आजपासून लागू झाला होता.

दाभोळे बोट उचलेनात. शौकत खोका बांधता बांधता थांबला.

"काका, घरी एक चालू आहे ना?" तो हळू म्हणाला. "मग हा कशाला?"

"बरं," दाभोळे म्हणाले, "राहिलं."