मधूची जीप

"आपण कोणाकडे आलात?" आईनं दारातल्या मधूला विचारलं. "मधू येईलच एवढ्यात. त्याची जीप वाजली की कळतं मला."

मधू उंबऱ्यातच थबकला. आईचा खोकला धुरानं वाढतो म्हणून त्यानं जुनी डिझेलची जीप कालच भंगारात घातली आणि विजेची गाडी आणली. धूर नाही, आवाज नाही, छपरावरच्या उन्हावर चालते, असं गल्लीभर कौतुक सांगून झालं होतं. चेहरे विसरलेली आई त्याला जीपच्या खडखडाटावरूनच ओळखत होती, हे मात्र ध्यानातच आलं नव्हतं.

तो अंगणात गेला. भिंतीआडून लहानपणीसारखं तोंडानं 'घर्र घर्र' करू लागला.

आई हसली. "कुणाचं पोर खेळतंय गं?" तिनं सुनेला विचारलं. "खेळू दे. दार मात्र लावू नकोस. माझा मधू यायचाय अजून."