४१७ नंबरचं स्थळ

विठ्ठलवाडीच्या वधूवर मंडळाची वेबसाइट एएसपी या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतून पीएचपी नावाच्या नव्या भाषेत आणता आणता तीन महिन्यांत महेंद्रच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. जुना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो सकाळ-संध्याकाळ शिव्या घालायचा. त्यात एक ओळ तर अशी, की ४१७ नंबरचं स्थळ कुणालाच दाखवायचं नाही. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय विचारता? कॉम्प्युटरवाले तुम्ही." महेंद्रने वैतागून ती ओळ वगळली आणि बाकीचं सगळं नव्या भाषेत आणलं.

साइट चालू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिरगावहून सुदाम खंडागळेंचा फोन आला. "साहेब, चार वर्षं आमच्या अस्मिताचं नाव तुमच्याकडे आहे. एक स्थळ आलं नाही. कालपासून सात आलीत. रविवारी तिघं बघायला येतायत."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं बोललं होतं. महेंद्र खुर्चीत जरा सैलावून बसला.

"थांबा, तिलाच देतो. तुमचे आभार मानायचेत म्हणते."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"जुना प्रोग्रॅम मीच लिहिला होता," अस्मिता दबक्या आवाजात म्हणाली. "अहो, नऊ हजार ओळी या भाषेतून त्या भाषेत नेल्यात, आणि माझी एक ओळ तुम्हाला जड झाली?"