समोर ऐकू जाईल

मला टीबी निघाला तशी सासूबाईंनी माझी कपबशी वेगळी केली, ताट वेगळं केलं आणि शिवणाच्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली. माझा खोकला समोरच्या काकूंच्या कानावर गेला तर बोभाटा होईल, मग आमच्याकडे कपडे शिवायला कोण टाकणार? त्याच कोंदट खोलीत माझी लेकही आजीला बिलगून झोपायची. आज घरी आलेल्या नर्सने कपबशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “आजी, हा आजार कपातून नाही, हवेतून पसरतो. आधी खिडकी उघडा. आणि उद्या नातीला घेऊन तपासणीला या.” सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कडी काढली. बाहेर तोंड करून मी पोटभर खोकले. हातभर बोळापलीकडे काकूंची खिडकीही बंदच होती. आतून कुणीतरी खोकलं, पाठोपाठ काकूंचा आवाज आला, “तोंडावर उशी धर! समोर ऐकू जाईल.”