सुटका

विनिताला लेकीने डोंबिवलीहून ओढूनच ठाण्याला सिनेमाला आणलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी, आप्पांपाशी, आज नवरा बसला होता. सिनेमा कोरियन, हेरगिरीचा. हिरो म्हणजे लेकीचा लाडका गायक, पण इंटरव्हलच्या आधीच तिचं तोंड उतरलं.

"आई, भंगार आहे गं. त्याला साधं रडताही येत नाही. निघूया?"

"बस गं. एसी बरा वाटतोय."

पडद्यावर तो पोरगा तुरुंग फोडत होता, गाड्यांच्या टपांवरून उड्या मारत होता, आणि डोक्यावरचा एक केस हलत नव्हता. विनिताला हसू आलं. असं कुणाला सुटता येतं होय?

शेवटी शत्रूचा म्होरक्या समोर आला. त्याला बघताच हिरोचं पिस्तूल गळालं आणि तो ओरडला, "आप्पा!"

"आले, आले," म्हणत विनिता उठलीसुद्धा. घरी आप्पा पलंगावरून घसरले की अशीच हाक उठायची. अंधारात तिचे पाय चपला शोधू लागले.

लेकीने हात धरून तिला बसवलं. "अगं आई, कोरियनमध्ये वडलांना आप्पा म्हणतात."

विनिता पडद्याकडे बघत राहिली.

"मग संपलंच," ती म्हणाली. "आता नाही हा सुटायचा."